ढिल्या पट्ट्याचं गाणं

शेठ, तुमचं मशीन दुरुस्त झालं.

ही बातमी तुम्हाला द्यायचं काम कुणी अंगावर घेईना, म्हणून मी घेतो. तुम्ही इस्पितळात असताना नरेशने ते केलं. बाप घरी येईल तेव्हा त्याला चकित करायचं, म्हणून तुमच्या मुलाने ते जुन्या रेकॉर्डप्लेअरचं धूड चादरीत गुंडाळून टेम्पोतून मुंबईला नेलं, सैल पडलेला रबरी पट्टा काढून नवा बसवला, तेलपाणी केलं, लाकडाला पॉलिश मारलं. तुम्ही घरी आलात, पण गाणं ऐकायला नाही आलात. ओटीवर तुम्हाला ठेवलं होतं तेव्हा ते आत खिडकीपाशी नटूनथटून बसलं होतं, आणि येणारा-जाणारा तुमच्या पाया पडून झाल्यावर एकदा त्याच्याकडे बघून घेत होता. तुम्ही उठून बसला असतात तर पहिली शिवी नरेशला घातली असतीत आणि दुसरी मला.

मला का, ते तुम्हाला ठाऊक आहे. पट्टा बदला, पट्टा बदला म्हणून इतकी वर्षं मीच तुमचं डोकं खाल्लं होतं.

तुम्ही मला कधी नावाने हाक मारली नाहीत. शिरवण्यात तुमच्या माडीवर भाडेकरू म्हणून आलो त्या दिवसापासून मी तुमच्यासाठी 'सातारकर'. माझं गाव साताऱ्यापासून चांगलंच आत आहे, हे मी सांगून पाहिलं. "घाट चरला का सगला साताराच," म्हणत तुम्ही विषय मिटवलात. मीही मग तुम्हाला सगळ्या गावासारखं शेठ म्हणायला लागलो. तेव्हा मी इथल्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून नुकताच लागलो होतो. यंत्रांचे सुटे भाग कागदावर काढायचे, केसाएवढा फरक पडला तर खोडून पुन्हा काढायचे, हा धंदा. लग्न नवं होतं, सुलभा अजून गावीच होती, आणि तुमच्या त्या खोलीत एक स्टोव्ह, एक वळकटी आणि मी, एवढाच संसार होता.

पहिल्याच रविवारी दुपारी जेवून आडवा झालो आणि खालच्या फरशीतून एका बाईचं गाणं वर यायला लागलं. आधी वाटलं, झोपेतच ऐकतो आहे. बाई इतकी सावकाश गात होती की एका शब्दानंतर माझा डोळा लागायचा आणि पुढचा शब्द आला की उघडायचा. 'थांब जरा, पाणी उतरू दे.' कुणीतरी खाडीपलीकडे निघालं आहे, भरती आहे, आणि ही त्याला ओहोटीपर्यंत थांबवून धरते आहे, इतकं कळलं. बाहेर ऊन अगदी पांढरं पडलं होतं. दगडखाणीची धूळ खिडकीच्या कठड्यावर बसत होती, पंखा फिरत होता, आणि त्या बाईला कसलीही घाई नव्हती. गाव सोडल्यापासून एकदाही रडलो नव्हतो. त्या दुपारी मी उशीत तोंड खुपसून रडलो, शेठ. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या गावाला कळलं असतं.

संध्याकाळी खाली उतरलो, गाणं कुणाचं ते विचारायला. तुम्ही लुंगी-बनियनवर पाटावर बसला होतात. समोर रिठ्याच्या पाण्याची परात, आणि त्यात तुम्ही छोट्या रेकॉर्डी धूत होता. मोठ्या बारा-बारा गाण्यांच्या नव्हेत, तर पुढे एक गाणं, मागे एक गाणं अशा, बशीएवढ्या. धुतलेल्या रेकॉर्डी यमुनावहिनींच्या ताटाळ्यात ओळीने निथळत ठेवल्या होत्या, आणि वहिनी दारात ताटं हातात घेऊन उभ्या होत्या.

"बघ सातारकर," त्या म्हणाल्या. नाव तुमच्याकडून त्यांनीही उचललं होतं. "मानसं जेवाला बसायची हायेत, आनि मी ताटं ठेवू कुठं? यांच्या डोक्यावं?"

"ठेव," तुम्ही म्हणालात. "पन वली नको ठेवू."

मी त्या रेकॉर्डींवरची नावं वाचत गेलो आणि एकही ओळखीचं निघेना. आठवडाभरात उतरलेले सिनेमे, एक गाणं गाऊन नाहीसे झालेले गायक, कुठल्या तरी लग्नाच्या बँडने हौसेने काढलेली रेकॉर्ड. मी विचारलं, "शेठ, हे असलं का जमवलंत?" तेव्हा तुम्ही जे सांगितलंत त्याची मला अजून मजा वाटते.

जमिनी नव्या शहरासाठी सरकारकडे जायच्या आधीची ती गोष्ट. उन्हाळ्यात मिठागर आणि लग्नसराईत लाऊडस्पीकर, असा तुमचा तरुणपणीचा उद्योग. मशीन नवं होतं, पण खाऱ्या वाऱ्याने आणि मांडवातल्या उकाड्याने त्याचा पट्टा सैल पडला आणि सगळी गाणी मंद वाजायला लागली. लोकांच्या तोंडात बसलेलं गाणं लावलं की मांडवातून ओरडा व्हायचा, "हिरामन, बॅटरी उतरली काय रं?" दुसरा कुणी पट्टा बदलून मोकळा झाला असता. तुम्ही रेकॉर्डी बदलल्यात. मुंबईच्या फुटपाथवर जाऊन कुणीच न विचारलेल्या, कुणीच न ऐकलेल्या रेकॉर्डी पोत्यात भरून आणल्यात.

"ज्या गान्याला कोनी वलखत नाय," तुम्ही परातीतला हात वर करून मला समजावलंत, "त्याची चाल चुकली असा कोन सांगंल?"

मी हसत सुटलो. तुम्ही हसला नाहीत. तुमच्या मते ते अगदी सरळ होतं.

आणि मग ती हळद झाली. तुमच्याच आळीतल्या कुणाच्या तरी हळदीला तुम्ही 'थांब जरा'ची रेकॉर्ड लावलीत. हळदीच्या दळणाशी बसलेल्या बाया ऐकत राहिल्या. पुन्हा लाव म्हणाल्या, पुन्हा लाव म्हणाल्या, आणि मांडव उतरेपर्यंत गाणं त्यांच्या तोंडी बसलं होतं. तेव्हापासून शिरवण्यात हळद लागली की ते गाणं होतंच. बायांना ते रेकॉर्डीवरचं आहे हे आता आठवतही नाही. आपल्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेलं आहे, असं त्या मला छातीठोक सांगतात. आणि ते त्या गातात तुमच्या ढिल्या पट्ट्याच्या गतीने, कारण दुसरी गती त्यांना ठाऊकच नाही.

हे ऐकल्यावर माझ्यातला ड्राफ्ट्समन जागा झाला. पुढच्या रविवारी मी कागदाची चिठ्ठी तुमच्या मशीनच्या थाळीला चिकटवली आणि घड्याळ लावून फेरे मोजले. मिनिटाला पंचेचाळीस हवेत, चाळीसही भरेनात. मी तुम्हाला म्हटलं, "शेठ, ही बाई असं गायलीच नाही. ती तरुण आहे, चपळ आहे. तुम्ही तिला म्हातारी करून टाकलंय."

"तुजी फूटपट्टी तुज्या हापिसात ठेव."

"पण गाणं तिचं आहे ना?"

तेव्हा तुम्ही सुई उचलून हातातच धरलीत आणि म्हणालात, "गानं गायली तिचं, का आयकला त्याचं?"

तिथून आपलं भांडण सुरू झालं, आणि ते आपण किती जपलं, शेठ. सुलभा आली, मुलगी झाली, मी नेरूळला स्वतःचा फ्लॅट घेतला तेव्हा तुम्ही माझ्याशी बरेच दिवस बोलला नाहीत. मग एका रविवारी नरेशच्या हातून निरोप आला की मागच्या वेळचा मुद्दा तुम्हाला सापडला आहे, येऊन ऐकून जा. मुद्दा काय होता? तर, भात शिजायला ज्याचा त्याचा वेळ लागतो. मी म्हटलं, हा मुद्दा नाही. तुम्ही म्हणालात, मग जेवून जा. वहिनींनी जिताड्याचं कालवण केलं होतं, त्यामुळे मला पुढे काही बोलता आलं नाही.

त्या रविवारांचा मला आता एकच लांबलचक रविवार झाल्यासारखा वाटतो. त्यात आपण दोघं कुठे कुठे हिंडतो आहोत. गावोगाव जुनी घरं पडत होती, इमारती उठत होत्या, आणि लोक कॅसेटप्लेअर आणून रेकॉर्डी भंगारात टाकत होते. तुर्भ्याच्या भंगारवाल्याकडे तुम्ही पत्र्याच्या ढिगात हात घालून उभे आहात, आणि मी हाताला लागेल, जरा बघून, असं म्हणतो आहे. उरणच्या एका घरात म्हातारबुवा पेटी उघडून देतात आणि त्यातून कापराचा वास येतो. कामोठ्यात तर एका बाईंनी छोटी रेकॉर्ड माठावर झाकण म्हणून ठेवली होती. तुम्ही तिथल्या तिथे बाजारात जाऊन स्टीलचं झाकण आणलंत, बदल्यात रेकॉर्ड घेतलीत, आणि बसमध्ये ती मांडीवर धरून बसलात. ती लाटेसारखी वाकली होती, वाजवताना सुई वर-खाली व्हायची, तरी तुम्ही ती वाजवलीत.

तुमची निवडायची तऱ्हाही न्यारीच. रेकॉर्ड उजेडात धरून दोन्ही बाजू बघायच्या. जी बाजू वाजवून वाजवून करडी पडली असेल ती सोडून द्यायची. जी अजून काळीभोर चमकते आहे, म्हणजे जी कुणी लावलीच नाही, ती घरी आल्यावर आधी लावायची. "हिला कोनी आयकलीच नाय अजून," असं तुम्ही हलक्या आवाजात म्हणायचात. मग वहिनींना मिक्सर बंद करायला सांगायचात. खाणीत सुरुंग लावायच्या आधी शिट्टी व्हायची, तेवढी झाली की सुई उचलून धरायची, धडाका होऊन जमीन हलून शांत झाली की पुन्हा ठेवायची. आणि मग कुठली तरी अनोळखी बाई किंवा कुणी घाबरलेला गायक त्या खोलीत पहिल्यांदाच गायचा, सावकाश, जणू त्याला कुणीतरी धीर दिला आहे. काही गाणी भिकार होती. ती तुम्ही पूर्ण ऐकायचात. अर्ध्यात सुई उचललेली मी तुम्हाला कधी पाहिली नाही.

मला तुमच्याकडून हेच मिळालं, शेठ, आणि त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले. चुकलेला भाग फेकून द्यायचा, हे मला कामाने शिकवलं. तुमच्याकडे बसल्यावर मी शेवटपर्यंत ऐकायला शिकलो. माझी मुलगी अडखळत बोलायची तेव्हा तिचं वाक्य मी तोडत नसे, हे सुलभाच्या आधी तुमच्या लक्षात आलं होतं. तुम्ही माझ्या पाठीवर थापटलंत.

इस्पितळात शेवटचं बोलणं झालं तेही याच विषयावर. नळ्या लावलेल्या होत्या आणि आवाज खोल गेला होता. मी उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, आता चकाकत्या सीडी आल्या आहेत, त्यांना पट्टाबिट्टा नसतो, गती चुकायचा प्रश्नच नाही. तुमचे डोळे लगेच चमकले. "रविवारी ये घरी. या येलेस तुज्याकरून कबूल करून घेतंय." मी म्हटलं, येतो. काय मुद्दा काढला होतात कोण जाणे. मी रोज एकेक तयार करून बघतो आणि तुमच्या तोंडी घालतो, पण तो तुमचा वाटत नाही.

परवा तुमचं बारावं झालं. पाहुणे गेले, मांडवाचे बांबू गेले. काल रविवार म्हणून माझे पाय आपोआप तुमच्याकडे वळले. दुपार होती. वहिनी खाली बसून वाल सोलत होत्या. नरेश सुट्टीवर होता, त्याच्या उरणच्या कंटेनर यार्डातून चारदा फोन येऊन गेले होते. मला बघितल्यावर वहिनी म्हणाल्या, "सातारकर, त्यांचं गानं लाव ना. एकदा आयकायचंय मना."

नरेशचा चेहरा उजळला. ते मशीन त्याने बापासाठी तयार केलं होतं, निदान आईला तरी ऐकवता येईल. त्याने स्वतः रेकॉर्ड काढली, पुसली, लावली.

गाणं सुरू झालं आणि मला पहिल्या क्षणी, खरं सांगतो, आनंद झाला. बाई तरुण होती. चपळ होती. मी म्हणत होतो अगदी तशी. हसत हसत गात होती, तबला टणाटण वाजत होता. 'थांब जरा' असं ती एखाद्या मैत्रिणीला रिक्षाजवळ म्हणावं तसं म्हणाली आणि पुढे गेली. मी वहिनींकडे पाहिलं. त्यांचे हात सुपात थांबले होते.

"ही कोन बया?" त्यांनी विचारलं. "हिला कनाची घाई झालीय?"

"आई, हेच गाणं आहे," नरेश म्हणाला.

"नाय. त्यांचं लाव."

नरेशने रेकॉर्ड उलटून बघितली, पुन्हा लावली. तेच. मग त्याने घाईघाईने गतीचा खटका मोठ्या रेकॉर्डींसाठीच्या तेहतीसवर सरकवला, आणि मशीनमधून एक घोगरा पुरुष कण्हायला लागला. वहिनींना हसू फुटलं. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच. "ह्यो तं रेडा गातंय," त्या म्हणाल्या आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून रडायला लागल्या. नरेश मशीनजवळ तसाच उभा राहिला. एवढा मोठा माणूस, पण त्याला काय करावं कळेना. "मी जुना पट्टा टाकून दिला," तो मला हळूच म्हणाला. "तिथंच, त्यांच्या दुकानातल्या डब्यात. तुकडा पडायला आला होता हो."

त्याची काहीच चूक नव्हती, शेठ. तुम्ही त्याला शिवी घातली असतीत, तर मी मध्ये पडलो असतो. त्याने बापासाठी मशीन अगदी बरोबर करून आणलं होतं, आणि बरोबर झालेल्या मशीनमध्ये त्याचा बाप नव्हता. एका बाजूला पंचेचाळीस, दुसऱ्या बाजूला तेहतीस. तुमचं गाणं मध्ये कुठेतरी होतं आणि तिथे खटका नव्हता.

वहिनींनी डोळे पुसले आणि पुन्हा वाल ओढून घेतले. थोड्या वेळाने, हात चालायला लागले तसं त्या गुणगुणू लागल्या. आपण गुणगुणतो आहोत हे त्यांच्या ध्यानात नसावं. 'थांब जरा, पानी उतरू दे.' एक शब्द, मग एक वाल सोलण्याइतकी जागा, मग दुसरा शब्द. माझ्या माडीवरच्या पहिल्या दुपारची बाई त्यांच्या तोंडून गात होती. तीच पांढरी दुपार खिडकीत उभी होती आणि तुम्ही पाटावर बसला नव्हतात, एवढाच काय तो फरक.

मी उठलो. खटका पंचेचाळीसवर घेतला, सुई कडेला ठेवली आणि फिरत्या थाळीच्या काठाला बोट लावलं. आधी जास्त दाबलं गेलं, बाई भेलकांडली. वहिनींनी मान वर केली. त्यांना कळलं मी काय करतो आहे ते. त्या गात राहिल्या, आता जरा मोठ्याने, मला ऐकू यावं म्हणून.

"सोड जरा," मध्येच म्हणाल्या. "हां. आता दाब. येवरा नको."

मी त्यांच्या आवाजाकडे कान ठेवून बोट कमी-जास्त करत गेलो. दोन बाया हळूहळू एकमेकींजवळ आल्या. एक तरुण होती, तिचा पाय आता हलका हलका मंदावत होता. दुसरी खाली बसून वाल सोलत होती. आणि मग कडव्याच्या सुरुवातीला दोघींनी एकदम श्वास घेतला आणि एकदम सोडला, आणि नरेश खाली आईच्या शेजारी फरशीवर बसला.

बोटाला चटका बसायला लागला. खाणीत शिट्टी झाली. तुम्ही असतात तर सुई उचलली असतीत, पण माझा एक हात गुंतलेला होता आणि दुसरा हलवायचा धीर झाला नाही. धडाका झाला, सुई जराशी उडाली आणि पुन्हा त्याच ओळीवर पडली. 'थांब जरा,' बाई पुन्हा म्हणाली.

शेठ, तुम्हाला माझ्याकडून कबूल करून घ्यायचं होतं. ते मी करणार नाही. गती चुकीचीच होती, मी आजही शपथेवर सांगेन. पण गाणं संपेपर्यंत बोट मी काढलं नाही.